गावडेमामांची चेडवां

गावडेमामा एका जागी उभे आहेत, असं दृश्य मी कधी पाहिलं नाही. प्रॅक्टिकल सुरू झालं की टेबलांच्या दोन ओळींमधल्या चिंचोळ्या वाटेने ते चालायला लागायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा उलटं, पुन्हा सुलटं. दोन्ही हात कमरेच्या पुढे आणि बोटं सारखी हलत असायची. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अहो मामा, बसा ना जरा! मुलांना झुरळाचं तोंड दाखवायचंय मला, आणि ती सगळी तुमच्याकडे बघतायत."

"बसान चालाचा नाय, बाई," ते चालता चालताच म्हणाले. "बावीस वर्सां रिंग खात्यात काढलंय. थंय जो बसलो, त्याचो धागो तुटलो."

रिंग खातं म्हणजे गिरणीतलं सूत कातायचं खातं. शेकडो चात्या एकदम फिरायच्या आणि मामांनी त्यांच्यामधून चालत राहायचं, तुटलेला धागा दिसला की चालत्या यंत्रावरच दोन बोटांनी सांधायचा. गिरणी बंद पडली तेव्हा वर्षभर ते घरी बसले. बसले म्हणजे, त्यांच्या बायकोच्या शब्दांत, "चाळीची गॅलरी झिजवल्यानी." मग कोणा गाववाल्याच्या ओळखीने मुलुंडच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागले. आमच्याकडे सगळ्याच शिपायांना आणि मदतनिसांना मामा म्हणायची पद्धत होती. पण बाकीच्यांना नुसतं तोंडाने म्हणायचो, यांना मनापासून.

मी घाटकोपरची. नुकती एम.एस्सी. झालेली, चोवीस वर्षांची, आणि नोकरी तात्पुरती. प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "पीएच.डी. करा. नाहीतर पुढच्या वेळी जाहिरात निघाली की तुम्हीही रांगेत." त्यामुळे जीव कायम टांगणीला. त्यात घाई माझ्या पाचवीलाच पुजलेली. आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, तेच माझे मार्गदर्शक. मी विषय घेऊन गेले की ते चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "हे झालंय हो. दुसरं काहीतरी आणा." चार महिने मी 'दुसरं काहीतरी' शोधत होते आणि भेटेल त्याच्यावर चिडत होते.

एका सप्टेंबरात, पाऊस उघडलेला असताना, मामा म्हणाले, "तुमका किडेच व्हये ना? मग चला माझ्यावांगडा."

कॉलेजच्या मागच्या आवारात एक जुना रायवळ आंबा होता. त्याच्या बुंध्याला मुळापासून पहिल्या फांदीपर्यंत पातळ पांढरं जाळं गुंडाळलेलं होतं, धुवून विरलेल्या मलमलीसारखं. मी नाक मुरडलं. "ई! बुरशी लागलीय झाडाला. औषध मारायला सांगायला हवं."

"औषध?" मामा एकदम तापले. "कोणाक औषध? झाडाक काय्येक झालेला नाय. शिकलेली माणसां तुम्ही, बघूच्या आधी मारूक निघालात!"

त्यांनी टाचणीने जाळ्याचा एक कोपरा अलगद उचलला. खाली तिळाएवढे, मऊ अंगाचे, तपकिरी किडे. शेकडो. डोकं अंगाच्या मानाने मोठं, मिश्या केसासारख्या लांब. उजेड पडल्याबरोबर सगळे एकदम एका दिशेला धावले, आणि एकदमच थांबले.

"बघलात? एक पळाला की सगळी पळतत. भोंगो झाल्यावर पाळी सुटता, तशी."

पुस्तकांत या जातकुळीवर मोजून दोन पानं सापडली. इंग्रजीत त्यांना झाडाच्या सालीवरच्या उवा म्हणतात, पण ते नाव म्हणजे शुद्ध बदनामी. हे किडे कोणाचं रक्त पीत नाहीत की झाडाचा रस शोषत नाहीत. सालीवरचं शेवाळ, दगडफूल, बुरशी आणि मेलेली साल खरवडून खातात. म्हणजे झाडाचं नुकसान दूरच, उलट झाडलोट होते. खालच्या ओठातून रेशीम काढून ते जाळं विणतात आणि त्याच्या आडोशाला पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मुंग्या येत नाहीत, ऊन लागत नाही. जाळं फाटलं तर तासाभरात दुरुस्त. ही दुरुस्ती बघायला मामा जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन आंब्याखाली जायचे आणि झाडाभोवती चालत चालत जेवायचे. "सांधो बघा, बाई, सांधो! आमच्या जॉबरान, खात्याच्या मुकादमान, बघल्यान असतो तर पाठ थोपटल्यान असती."

मराठीत या किड्यांना नाव नव्हतं. मामा त्यांना चेडवां म्हणायचे. त्यांच्या मालवणीत चेडवां म्हणजे मुली. मी विचारलं, "सगळ्या मुलीच कशावरून?"

"तीन वर्सां बघतंय. पोटात अंडी नाय असो एक मोठो किडो बघूक नाय. झिल नायच ह्यांच्यात."

ही गोष्ट मी सरांना सांगितली. सर पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. नराशिवाय वंश चालवणाऱ्या जाती किड्यांत आहेत, पण या जातीबद्दल कोणी लिहिलेलं नव्हतं. "गावडे सांगतात म्हणून मी मानणार नाही. नर लहान असतील, आखूड पंखांचे असतील, नजरेतून सुटत असतील. आधी शोधा. नाही सापडले तर नाहीत हे सिद्ध करा. मग तुमची पीएच.डी. झालीच म्हणून समजा."

झालं! मी नर शोधायला लागले. सहा महिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक किडा उलटा करून बघितला. स्टाफरूममध्ये टिंगल ठरलेली. मी आत शिरले की कोणीतरी विचारायचंच, "काय गं, सापडला का नर?" आणि माझं लग्न ठरत नव्हतं, त्यामुळे हसणं जरा जास्तच व्हायचं. मामांना ते आवडायचं नाही. "हसान देत," ते म्हणायचे. "त्यांची चुकी नाय. त्यांका नवरे आसत, म्हणान वाटता सगळ्यांका व्हयेच."

सिद्ध करायचा मार्ग एकच होता. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू त्याच दिवशी वेगळ्या काचनळीत एकटं ठेवायचं. ते वाढलं, त्याने अंडी घातली, आणि त्या अंड्यांतून पिल्लं आली, की झालं. ऐकायला सोपं. माझी पिल्लं मात्र दोन दिवसांत वाळून पापड व्हायची. पाणी शिंपडलं की बुरशी येऊन मरायची. चाळीस नळ्या गेल्या. एकेचाळिसावी गेली तेव्हा मी ती बेसिनमध्ये आपटली आणि फोडली.

मामांनी काचा वेचल्या. मग म्हणाले, "बाई, गिरणीत रिंग खात्यात वरसून पाण्याचो फवारो सोडीत. सूत भिजाचा नाय, पण हवेक वल रवाची. कोरडी हवा झाली की धागो तुटलोच. ही बी सुतावरची कामगार. पाणी नको त्यांका, वल व्हयी."

त्यांनी एका पसरट थाळीत पाणी घेतलं, त्यावर विटेचा तुकडा, त्यावर नळ्या उभ्या केल्या, आणि सगळ्यावर ओलं फडकं अंतरावर ताणून बांधलं. पाण्याचा थेंब आत जात नव्हता, पण हवा दमट राहत होती. दिवसातून तीनदा ते फडक्याला नुसता हात लावून बघायचे आणि गरजेपुरतं भिजवायचे. पुढे मी वाचलं की हे किडे हवेतली वाफ अंगात ओढून घेऊ शकतात. मामांना ते वाचायची गरज पडली नव्हती.

या नव्या नळ्यांपैकी सातवीतल्या एकटीने सालीवर अंडी घातली, त्यांवर रेशमाचं पांघरूण घातलं. नवव्या-दहाव्या दिवशी पिल्लं बाहेर आली. पांढुरकी, मुंगीच्या डोक्याएवढी. मी लॅबमध्ये नाचले. खोटं कशाला सांगू, मामांचे दोन्ही हात धरून नाचले. त्या पिल्लांमधल्या एकीला वेगळं केलं, तिलाही झाली. तिच्या पिल्लांतल्या एकीलाही. एका जिवापासून तीन पिढ्या, आणि नराचा पत्ता नाही!

डिसेंबरात मामा गावच्या जत्रेला निघाले. गिरणीत असताना कधी चुकवली नव्हती, आता तर नाहीच. निघताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. "फडक्याची वल बघा. आणि माझ्या झाडाक कोणाक हात लावूक देव नकात." मी मान डोलावली. लक्ष सूक्ष्मदर्शकात होतं.

त्याच आठवड्यात कॉलेजला मान्यता देणारी समिती यायची होती. सगळीकडे धावपळ. माझ्या गळ्यात आवार सजवायच्या कामाची समिती पडली होती. शिपायाने कागद आणला, मी उभ्या उभ्या सही ठोकली. कागदावर कुंड्या होत्या, फाटकाचा रंग होता आणि एक ओळ होती : 'आवारातील सर्व झाडांना चुना व गेरू.' आता यात नवीन काय होतं? पाहुणे येणार म्हटलं की झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू आणि वर चुना फासायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. सव्वीस जानेवारीलाही तेच, मंत्री आले तरी तेच. माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून पाहिलं तर मागचा आंबा कमरेपर्यंत लाल आणि वर पुरुषभर पांढरा. रंगाऱ्याने चुना नीट बसावा म्हणून आधी जाळं काथ्याने घासून काढलं होतं. समितीच्या साहेबांनी आवाराचं कौतुक केलं म्हणे.

मामा आले ते हातात खाज्याचा पुडा घेऊन. माझ्या हातावर आल्याच्या वासाचं खाजं ठेवलं आणि मी ते तोंडात न घालताच सगळं सांगून टाकलं. ते आंब्याकडे गेले. झाडाभोवती फिरायला लागले. किती फेऱ्या मारल्या देव जाणे. मी मागे मागे.

"सही कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"तुमका सांगान गेलेलंय मां?"

"मामा, कागदावर 'सर्व झाडे' एवढंच होतं... लक्षात नाही आलं हो माझ्या."

ते पुन्हा झाडाभोवती चालायला लागले. मला वाटलं होतं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग आमचे रविवार सुरू झाले. पवईच्या तलावाकाठची झाडं, भांडुपच्या डोंगराखालचे आंबे, मुलुंडमधलं एकेक आवार. मामा पुढे तरातरा, मी भिंग घेऊन मागे. सालीवरचे दुसऱ्या जातींचे किडे मिळाले, पंखवाले, ठिपकेवाले, आणि त्यांच्यात नर होते, चांगले मिरवत होते. आमची चेडवां कुठेच नव्हती. असतीलही कुठेतरी. आम्हाला सापडली नाहीत. आता उरली होती ती फक्त ओल्या फडक्याखालच्या नळ्यांत.

मामांनी एक ठरवलं. बुंध्याच्या उत्तर बाजूला, जिथे ऊन लागत नाही, तिथला वीतभर चुना त्यांनी नारळाच्या सोडणाने खरवडून काढला. रोज सकाळी आल्याबरोबर त्या जागेवर पाणी शिंपडायचे. "शेवाळ धरला की चेडवां सोडूया. त्यांच्या जेवणाची सोय नको?" जानेवारी गेला, उन्हाळा गेला. सुट्टीतसुद्धा ते पाणी घालायला यायचे. मला रोज बातमी द्यायचे, "आज नाय," "अजून नाय," "कोपऱ्यात कायतरी दिसता." मी हूं म्हणायचे. मला प्रबंध पुरा करायचा होता. जाहिरात कधीही निघेल या भीतीने झोप लागत नव्हती.

जुलैत सर म्हणाले, "पिढ्या वाढवल्यात ते ठीक. पण माद्यांच्या पोटातली वीर्य साठवायची पिशवी रिकामी आहे, हे चिरून दाखवा. बारा काचपट्ट्या तरी हव्यात."

नळ्यांत त्या दिवशी चौदा मोठ्या माद्या होत्या आणि अंड्यांचा एक पुंजका. मी हिशोब केला. बारा कामाला, दोन जास्तीच्या, एखादी चिरताना बिघडली तर असाव्यात म्हणून. अंडी मोजमापाला. आणि मी सगळं स्पिरिटमध्ये घातलं. दहा मिनिटांचं काम. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. थांबायची सवयच नव्हती मला, दुसरं कारण नाही.

बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते तेवढ्यात मामा धावत आले. पावसात भिजलेले, हात ओले, चेहरा फुललेला. "बाई, हिरवां धरला! वीतभर! चला बघूक, आज सोडूया."

मी बाटलीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मग थाळीकडे, रिकाम्या नळ्यांकडे.

"मामा, सरांना बारा हव्या होत्या..."

"झाला तुमचा काम?"

"झालं."

"बरा झाला," ते म्हणाले, आणि नळ्या धुवायला घेऊन गेले. आणि मला, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, चला, समजून घेतलं मामांनी.

काचपट्ट्या एकदम झकास झाल्या. एकही बिघडली नाही. बाराच्या बारा पिशव्या रिकाम्या. प्रबंध टाइप झाला, गेला, आणि पुढच्या वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्क परीक्षक आमच्याच लॅबमध्ये आले. मामा निवृत्तीला आलेले, शेवटचा महिना. परीटघडीचा सदरा घालून दाराशी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. परीक्षक खूष होते. शेवटी त्यांनी विचारलं, "जिवंत किडे बघायला मिळतील का? ही जात मला कधीच बघायला मिळालेली नाही."

सर माझ्याकडे बघायला लागले.

"चुन्यान मेली, सायब," दाराकडून मामांचा आवाज आला. "समिती येतली म्हणान झाडाक चुनो लावल्यानी. त्याच्यात सगळी गेली."

"अरेरे!" परीक्षक म्हणाले. "आपल्याकडे हे असंच." आणि त्यांनी माझं अभिनंदन केलं.

सगळे गेल्यावर मी मामांना गाठलं. ते कप विसळत होते. "मामा, खोटं का बोललात?"

"मगे काय सांगू? आजच्या दिसाक तुमची मान खाली घालू?" त्यांनी कप पालथा घातला. "बाई, ह्यांका नवरो लागणा नाय, एकटीच पुरता, ह्या तुम्हीच लिवलात मां? माका वाचूक येणा नाय इंग्लिश, पण तुम्हीच सांगितलात."

"हो."

"मगे एक ठेवूची होती. चौदातली एक. तेवढी पुरे होती."

वर्षभर ते हे मनात घेऊन माझ्यासाठी नळ्या धूत होते, चहा आणत होते. आणि मी? तीन वर्षं मी एकच गोष्ट सिद्ध करत होते, की या जातीचा सगळा संसार पुन्हा उभा करायला एक मादी बास आहे. दोन जास्तीच्या तर माझ्या हाताशीच होत्या! इतकी मूर्ख बाई डॉक्टर झालेली कोणी पाहिली नसेल.

मी भिंग उचललं आणि तशीच खाली पळाले. मामा मागून हाका मारत आले. आंब्याच्या बुंध्यावरचा वीतभर हिरवा तुकडा आता चांगला हातभर पसरला होता. मी गुडघ्यांवर बसून साडीची पर्वा न करता बोटाबोटाने तो तपासायला लागले. एखादी राहिली असेल, एखादी कुठल्या फटीत वाचली असेल. डोळ्यांतल्या पाण्याने भिंगातून काही दिसत नव्हतं. पुसायची, पुन्हा बघायची.

मामा माझ्या शेजारी खाली बसले. एरवी अहो-जाहो करत बाई म्हणणारा तो माणूस माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "नाय आसत गो, बाय. उठ आता."

मी उठले नाही. आणखी अर्धा तास शोधत होते.